दोन ठोक्यांच्या मध्ये

ती पाण्यात पडली तेव्हा सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. अख्खा जन्म तलावाच्या काठावर उभं राहून दुसऱ्यांना पाण्यात उतरवणारी कोच, गळ्यात शिट्टी, अंगात ट्रॅकसूट, पायात बूट, अशी धाडकन पाण्यात. चौथ्या लेनमधल्या मुलीला ती ओरडून सांगत होती, कोपर वर ठेव, कोपर, आणि त्या शब्दाला लागूनच एकदम नाकात पाणी. मध्ये काही नव्हतं. मध्ये काही नव्हतं हे तिला पाण्याखालीच कळलं, वर यायच्या आधी. घसरणं तिला चांगलं ठाऊक होतं. घसरताना आधी टाच सुटते, मग पोटात गोळा येतो, हात काहीतरी धरायला धावतात, आणि पडेपर्यंत माणसाला आपण पडतोय हे पुरतं कळलेलं असतं. यातलं काहीच झालं नव्हतं. कोणीतरी कात्रीने दिवसातला एवढासा तुकडा कापून घ्यावा आणि दोन्ही टोकं पुन्हा बेमालूम शिवून टाकावीत तसं झालं होतं. ती वर आली, तोंडातलं पाणी थुंकली, गॅलरीतले आईबाप हसताना दिसले म्हणून आपणही हसून घेतलं. बुटांसकट चार हात मारून दाखवले. पोरांनी टाळ्या पिटल्या. "पाय घसरला," काठावर चढताना ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली. तेवढ्यावरून मॅनेजरने सफाईवाल्याला बोलावलं आणि सगळ्यांदेखत झापलं, की काठावर शेवाळ साचेपर्यंत तुम्ही करता काय. संध्याकाळी ती घरी जायला निघाली तेव्हा सफाईवाला गुडघ्यांवर बसून ब्रशने फरशी घासत होता. कोरडी, खरखरीत, मुळीच शेवाळ नसलेली फरशी. ती त्याच्या बाजूने गेली. थांबावंसं वाटलं, थांबली नाही. बुटांतून अजून पचपच आवाज येत होता.

घरी धाकटी बहीण शिवणाच्या मशीनशी बसलेली. ही सकाळी निघाली तेव्हाही ती तिथेच होती. दुसऱ्यांच्या पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, उसवलेलं शिवणं, हे तिचं काम, आणि ते करताना ती उठायची फक्त चहासाठी. मशीनच्या टेबलावर सुयांच्या डबीशेजारी बिस्किटांचा डबा असायचा आणि दोन्ही डब्यांत तिचा हात न बघता जायचा. "बूट भिजले?" ती न बघताच म्हणाली. "घसरले." "तू?" बहिणीने मान वर केली. "तू घसरलीस? ताई, तू?" त्या शेवटच्या 'तू'मध्ये थोडी मजा होती, थोडी काळजी, आणि कुठेतरी खोल जरासं समाधानही असावं असं तिला वाटलं. तिच्या डोक्यात तिडीक गेली. "का, मी घसरू नये?" "तसं नाही गं." बहिणीने पुन्हा मशीन सुरू केलं. मशीनचा आवाज एका लयीत चालू राहिला. बाथरूममध्ये ओले कपडे पिळताना तिने सवयीने मानेवर दोन बोटं ठेवली. ठोका आला. मग ते लांबलचक थांबणं. आला. पुन्हा थांबणं. नेहमीसारखंच. नेहमीसारखंच आहे असं तिने स्वतःला बजावलं, आणि तरी बोटं काढवेनात.

ही बोटं मानेवर ठेवायला सरांनी शिकवलं होतं. ती तेव्हा शाळेत होती, हातापायाच्या काड्या, आणि सर हे थुलथुलीत पोटाचे, कधीही पाण्यात न उतरणारे, काठाकाठाने चालत शिव्या घालणारे गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या मुलींना ओळीत बसवून मुठी वळायला लावल्या. "एवढं असतं हृदय. ज्याच्या त्याच्या मुठीएवढं. आवळा. सोडा. आवळा. सोडा." मुलींनी पटापट मुठी आवळल्या. "थांबा! एवढ्या घाईत सोडली तर भरणार कधी? आवळलं की रक्त बाहेर जातं, हे गाढवालाही कळतं. पण सोडल्याशिवाय आत काय येणार? काम दिसतं आवळण्यात, पण भरणं होतं सोडण्यात." मग त्यांनी सांगितलं की जो माणूस बसून राहतो त्याचं हृदय लहान घोट घेतं, म्हणून त्याला सारखं आवळत राहावं लागतं, आणि जो रोज पोहतो, पळतो, त्याच्या हृदयाची डावी खोली ऐसपैस होत जाते, भिंत मजबूत होते, एका आवळण्यात दुप्पट रक्त जातं, मग त्याला घाई राहत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये निवांत बसता येतं. हा 'निवांत' शब्द सर असे काही उच्चारायचे की जणू आत कोणी खुर्ची टाकून बसलंय. दर महिन्याला ते नाडी मोजायचे आणि ओरडून सांगायचे. बाकीच्या मुलींचे आकडे थोडे उतरायचे, थांबायचे. हिचे उतरतच गेले. साठाखाली आले, पन्नासाखाली आले, आणि एके दिवशी सर मनगट धरून नुसतेच उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "बेचाळीस. पोरी, तू इंजिन आहेस." तेव्हापासून तलावावर तिचं नाव इंजिन पडलं. ती कधी पहिली आली नाही. मोठ्या स्पर्धेत एकदा चौथी आली, आणि चौथ्या नंबराला ते काहीच देत नाहीत. नोकरी लागली, शिट्टी गळ्यात आली, बरोबरीच्या मुली लग्न करून पाण्याबाहेर गेल्या त्या गेल्याच. पण ते बेचाळीस तिच्याकडे राहिलं. दाताच्या डॉक्टरपासून विम्याच्या डॉक्टरपर्यंत जो कोणी मनगट धरायचा त्याच्या कपाळावर आधी आठी यायची, तो पुन्हा मोजायचा, आणि मग विचारायचा, "खेळाडू का तुम्ही?" या प्रश्नाची ती वाट बघत असायची. "हो, पोहते," एवढंच म्हणायची, काही विशेष नसल्यासारखं. पण बाहेर पडताना पाठ आपोआप ताठ झालेली असायची.

आणि आता हे. तो तुकडा कापला जाणं पुन्हा घडलं. गॅससमोर उभी असताना दूध वर आलेलं तिने पाहिलं, आणि त्यानंतर पाहिलं ते शेगडीवर सांडलेलं. मधलं उतू जाणं तिने पाहिलंच नव्हतं. जिन्यात एकदा. बसची वाट बघताना एकदा, तेव्हा शेजारच्या बाईने दंड धरला आणि म्हणाली, "सावकाश हो मावशी." मावशी! त्या शब्दाचाच तिला चक्करेपेक्षा जास्त धक्का बसला. झोप कमी पडत असेल. वय असेल, या वयात बायकांना काय काय होतं. पोट रिकामं असेल. ही सगळी कारणं ती एकेक करून घालून बघायची, बहीण गिऱ्हाइकाला कपडे घालून बघायला लावते तशी, आणि एकही अंगाला नीट बसायचं नाही. मग तिने जे एक माहीत होतं ते केलं. व्यायाम वाढवला. तलाव उघडायच्या आधी जाऊन ती एकटीच लांबीवर लांबी मारायला लागली. पाणी तिचं होतं, तिथे तिला कधी कोणी मावशी म्हटलं नव्हतं. पण पाणीही बदललं होतं. चार लांब्यांतच मांड्या जड व्हायच्या, हात ओल्या पोत्यासारखे. भिंतीशी थांबून ती मानेवर बोटं ठेवायची आणि वाट बघायची. एवढं दामटल्यावर ठोके धावायला हवेत, गळ्यात धडधडायला हवेत. ते धडधडणं तिला प्रिय होतं. पण ठोके शंभराच्या आतच कुठेतरी रेंगाळायचे. सरकारी कचेरीत एखादं काम घेऊन जावं आणि समोरचा माणूस ऐकून घेऊनही जागचा हलू नये, तसं. ती चिडायची. भिंतीला पाय देऊन पुन्हा सुटायची. चल, ऊठ, असं मनातल्या मनात स्वतःच्या छातीवर खेकसायची, सरांच्या आवाजात. आयुष्यभर कोणाच्या अध्यात ना मध्यात, सिगारेट नाही, तळलेलं नाही, जागरण नाही. रोज पहाटे या गार पाण्यात अंग टाकलं ते कशासाठी? आणि घरी बहीण बसलेली असते, बिस्किटं खात, आणि जिना चढून आली की फक्त "हुश्श" म्हणते. फक्त हुश्श!

बँकवाले, तिच्याकडे पोहणं शिकणारे एक गृहस्थ, दुपारच्या वेळेत यायचे, जेव्हा तलाव रिकामा असायचा, कारण लोकांसमोर त्यांना लाज वाटायची. बँकेतून निवृत्त झालेले, मोठं पोट, पातळ पाय, पोहण्याची चड्डी बेंबीच्या वर ओढलेली. त्यांच्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवलेली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की हालचाल करा, पाण्यात करा, गुडघ्यांना बरं. ते आपल्या हृदयाविषयी असं बोलायचे की जणू ते शाखेतलं एखादं अडचणीचं खातं आहे. "काय आहे मॅडम, डावीकडची मुख्य नळी ऐंशी टक्के बंद होती. ऐंशी! आणि मला फक्त ढेकर येत होते." उन्हाळ्यात आले होते, आता थंडी सुरू झाली होती, आणि अजून त्यांनी काठाची दांडी सोडली नव्हती. दांडी धरून पाय मारायचे, दांडी धरून श्वास सोडायचे, दांडी धरून गप्पा मारायचे. "सोडा आता," ती रोज म्हणायची. "सोडतो ना. उद्या." त्यांच्यावर तिचा सगळ्यात जास्त जीव जळायचा, आणि का कोण जाणे, त्यांची वेळ ती कधी चुकवायची नाही.

त्या दुपारी लाइफगार्ड पलीकडच्या टोकाला एका शाळेची पोरं सांभाळत होता. बँकवाले दांडीला चिकटलेले. ती त्यांच्यापासून दोन-तीन हातांवर, जिथे तळ उतरत जातो आणि उंच माणसाचेही पाय टेकत नाहीत तिथे पाणी तुडवत होती. "हे बघा, घाबरायचं काही नाही. तोंड पाण्यात घालायचं, बुडबुडे सोडायचे, वर यायचं. मी करून दाखवते." तिने तोंड पाण्यात घातलं. गार पाणी कपाळाला, गालांना लागलं, आणि आतलं ते थांबणं लांबलं. हे तिला या वेळी जाणवलं. आला, आणि मग निवांत. निवांत. खूपच निवांत. तिला अंधुक वाटलं, की आता पुढचा यायला हवा. त्यानंतर छताचे दिवे होते आणि त्यांच्या मध्ये बँकवाल्यांचं जांभळं पडलेलं तोंड, डोळे बाहेर आलेले, आणि त्या तोंडातून येणारा आवाज आधी नुसता आवाज होता, मग त्याचे शब्द झाले. "मॅडम! अहो मॅडम! अरे कोणी आहे का!" त्यांनी एका हातात तिच्या पोशाखाचा खांद्यावरचा पट्टा मुठीत पिळून धरला होता आणि दुसऱ्या हाताने दांडी. लाइफगार्ड पळत येत होता. तिला काठावर घेतलं, कुशीवर वळवलं, ती खोकली, पाणी आलं. बँकवाले स्वतःच चढून वर आले होते आणि फरशीवर पाय पसरून बसून धापा टाकत होते. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं.

"हे आधी झालंय कधी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. बँकेत आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघून कर्ज द्यायचं की नाही हे ठरवलेला माणूस.

"हो," ती म्हणाली.

"किती दिवस?"

तिने पट्टा खांद्यावर नीट केला. "किती दिवस, विचारतोय मी! आणि तुम्ही मला पाण्यात घेता? ती पोरं बघा, ती," त्यांनी पलीकडच्या टोकाकडे हात केला, "त्यांना घेता? आम्ही तुमच्या भरवशावर आत उतरतो. तुमच्या! मला वाटलं होतं मी मेलो तर तुम्ही काढाल. हे काय भलतंच?"

तिला खूप काही म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "तुम्ही दांडी सोडलीत."

"गप्प बसा!" बँकवाले ओरडले. आवाज छतावर आपटून परत आला, पलीकडची पोरं वळून बघायला लागली. "गप्प बसा आणि डॉक्टरकडे जा." मग ते रडायला लागले, मोठा माणूस रडतो तसे, तोंड वाकडं करून, आवाज न करता; आणि ती ओली, फरशीवर आडवी, त्यांच्याकडे बघत राहिली. सरांनंतर तिला कोणी गप्प बसा म्हटलं नव्हतं. ती गप्प बसली.

हृदयाच्या दवाखान्यात छातीला पाच चिकटपट्ट्या आणि कमरेला ठोके टिपणारी एक डबी लावून तिला घरी पाठवलं, दोन दिवसांनी ती डबी परत घेतली. डॉक्टरीण तरुण होती, केस वर बांधलेले, बोलायला सरळ. तिने मनगट धरलं तेव्हा कपाळावर आठी आली, आणि कोचने सवयीने पाठ ताठ केली, उत्तर जिभेवर आणून ठेवलं. पण प्रश्न आलाच नाही. डॉक्टरीण लांब कागद उलगडत म्हणाली, "हे बघा. इथे साडेचार सेकंद काही नाही. इथे पाच. झोपेत नाही, भर दिवसा. काळजाचा ठोका चुकला म्हणतो ना आपण, तुमचा खरोखरच चुकतोय." कागदावर डोंगर, डोंगर, आणि मग एक सपाट रेघ, रस्ता संपल्यासारखी, आणि फार पुढे पुन्हा डोंगर. बरोबर आलेली बहीण कागदावर वाकली. शिवणातली चूक बघताना वाकते तशी. "स्नायू उत्कृष्ट आहे तुमचा," डॉक्टरीण म्हणाली, "या वयात मी असा पाहिला नाही. झडपा ठीक, नळ्या स्वच्छ. पण वरच्या उजव्या खोलीत एक छोटीशी जागा असते, ती हुकूम देते, आवळ म्हणून. ती जागा दमलीय. कधी हुकूम द्यायला विसरते. तोंड गार पाण्यात घातलं की कोणाचंही हृदय जरा मंदावतं, तुमचं थांबलंच."

"मग ते बेचाळीस?" तिने विचारलं. "इतकी वर्षं होतं ते? ते तरी माझं होतं ना?"

डॉक्टरिणीने कागदाची घडी घातली. "तेव्हाचं असणार. तरुणपणी असं होणं चांगलंच. पण त्यातलं केव्हा खेळाचं संपलं आणि केव्हा हे सुरू झालं, ते आज कोणाला सांगता येणार नाही."

"पोहण्याने झालं का हे?"

"काही खेळाडूंमध्ये दिसतं. खूप वर्षं खूप मेहनत केलेल्यांत. पण न पोहणाऱ्यांनाही होतं, वयानेही होतं. तुमचं कशाने झालं, मी सांगू शकत नाही. आणि पोहल्याने तुमचं भलंही खूप झालंय, ते विसरू नका."

"म्हणजे मी चिडायचं तरी कोणावर?" हे ती मोठ्याने म्हणाली तेव्हा तिचं तिलाच ऐकू आलं. डॉक्टरीण हसली नाही. "त्याची तपासणी नाही हो आमच्याकडे," ती म्हणाली, आणि पेसमेकर कधी बसवायचा त्याची तारीख बघायला लागली. निघताना बहीण म्हणाली, आता आलेच आहे तर माझाही एक ईसीजीचा पट्टा काढा, कधी काढला नाही. काढला. आडदांड शरीर टेबलावर टाकून ती पडली, पाच मिनिटांत उठली. डॉक्टरीण म्हणाली, "पुस्तकात छापावा असा आहे. वजन मात्र उतरवा." रिक्षात बहिणीने तो कागद पिशवीत खाली, कपड्यांच्या तुकड्यांखाली सरकवला. "ताई, त्यात माझं काय आहे," ती शेवटी म्हणाली. "मी तर काहीच केलं नाही." "तेच तर!" ती इतक्या जोरात म्हणाली की रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मग ती बाहेर बघायला लागली. फुटपाथवरून एक माणूस पळत चालला होता, घामाने डबडबलेला, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. थांब, असं त्याला म्हणावं की पळ म्हणावं, तिला ठरवता आलं नाही.

पेसमेकर बसवला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा, त्यातून शिरेवाटे हृदयात उतरलेल्या दोन तारा. काम झटकन झालं, दुखलंही फार नाही. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, काही आठवडे. पाण्यात तर नाहीच. मॅनेजरने चांगुलपणाने तिला खिडकीत बसवलं, तिकीट फाडायला आणि टॉवेल द्यायला. आणि आत छातीत ती घाई. यंत्र मिनिटाला साठावर लावलं होतं. साठ म्हणजे काही फार नाही, जगातल्या बहुतेक माणसांचे याहून जास्त असतात, हे तिला कळत होतं. पण तिच्या घरात कोणी परका माणूस राहायला आल्यासारखं झालं होतं, जो सतत खोल्यांतून फिरतोय, बसत नाही, बसू देत नाही. भरू तर दे, असं तिला त्याला सांगावंसं वाटायचं. चक्कर येणं बंद झालं होतं. जिना सहज चढता येत होता. सगळे म्हणत होते, तोंडावर तेज आलंय. तिला तेज नको होतं. खिडकीतून तिने सफाईवाल्याला हाक मारून एकदा सांगितलं, की त्या दिवशी मी घसरले नव्हते, फरशीचा दोष नव्हता. तिला वाटलं होतं तो म्हणेल, असू दे. तो म्हणाला, "आता सांगताय?" आणि बादली घेऊन निघून गेला. बँकवाले आले. टॉवेल घेताना त्यांनी तिच्या खांद्याखालच्या उंचवट्याकडे पाहिलं, मग आपल्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता आपण दोघे धातूवाले." तिला हसू आलं नाही. "दांडी सोडलीत का?" तिने विचारलं. "तुमच्या जागी आलेल्या नव्या मुलापुढे? छे. तो सारखा म्हणतो रिलॅक्स, रिलॅक्स. तुम्ही खेकसलात की मला बरं वाटायचं."

तपासणीला बोलावलं त्या दिवशी बहीण बरोबर आली आणि बाहेरच्या बाकावर बसली. आत डॉक्टरिणीने उंचवट्यावर एक चपटी चकती ठेवली आणि समोरच्या पडद्यावर तिचं हृदय धावायला लागलं. "जखम छान भरलीय. काही त्रास?"

"कमी करा," ती म्हणाली.

"काय कमी करा?"

"ठोके. साठ नको मला. चाळीसवर लावा."

"चाळीस कसं लावणार? मग बसवलं कशाला?"

"मग पंचेचाळीस."

"अहो, भाजी घेताय का?" डॉक्टरीण म्हणाली, पण खुर्ची पुढे ओढून घेतली. "बरं. तसंही यंत्र क्षणभर मागे ठेवून तुमचं तुमचं काय चाललंय ते बघायचंच आहे मला. हळूहळू उतरवते. काही वाटलं तर लगेच सांगायचं." तिने पडद्यावर बोट टेकवलं. एक ठोका आला. मग दुसरा, जरा उशिरा. मग तिसरा, आणि त्यांच्या मध्ये ती जागा उघडत गेली. तिने डोळे मिटले. हीच. तीच ऐसपैस, न बोलणारी जागा, पाण्याखाली सगळे आवाज दूर गेल्यावर असते तशी. तिच्या खांद्यांचा ताण सुटला, जबडा सुटला. इतके दिवस आपण दात आवळून होतो हे तिला आत्ता कळलं. आला. थांबणं. आणि मग थांबणं लांबलं, कानात भुणभुण सुरू झाली, डोळ्यांपुढच्या काळोखाच्या कडा आत यायला लागल्या, आणि तिच्या लक्षात आलं की ही जागा आणि ती पडली ती जागा, या दोन जागा नव्हत्याच. "मॅडम?" डॉक्टरिणीचा आवाज लांबून आला. बोट पुन्हा पडद्यावर टेकलं असावं, कारण ठोका पडला, पाठोपाठ दुसरा, आणि खोली तिच्या भोवती परत येऊन उभी राहिली.

"कळलं?" डॉक्टरिणीने हळू विचारलं.

"पुन्हा करा."

"नाही."

"एकदाच. मी सांगितलं नाही लगेच, ते चुकलं माझं. एकदाच करा."

"नाही म्हटलं ना."

"तुम्हाला काय जातं नाही म्हणायला!" ती उठून बसली, चकतीची वायर ताणली गेली. "तुम्हाला माहीत आहे काय होतं ते? ती जागा मला कोणी दिली नव्हती. रोज पहाटे उठून, थंडीत, तापात, पाळीच्या दिवसांत, मी कमावली होती ती, बोटभर बोटभर करून! लोकांच्या घरात माणसं असतात, पोरं असतात, माझ्याकडे ती होती. आणि तुम्ही म्हणता दमलीय. एवढंसं यंत्र लावता आणि म्हणता तेज आलंय! कोणाचं तेज?" आवाज चिरकला. तिला घाम फुटला होता, कानशिलं तापली होती, मूठ गादीवर आपटत होती. डॉक्टरीण पडद्याकडे बघत होती, आणि तिने तो पडदाच हळूच तिच्याकडे वळवला.

"माझ्याकडे नका बघू. इथे बघा," ती म्हणाली. "यंत्राने ठोका दिला की खाली ही उभी खूण येते. ही, मघाची. दिसली? आता पुढे बघा."

पुढे खुणा नव्हत्या. डोंगरामागून डोंगर येत होते, जवळजवळ, उंच, आणि कोपऱ्यातला आकडा चढत होता. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशी.

"यातला एकही आमचा नाही," डॉक्टरीण म्हणाली. "यंत्र गप्प बसलंय. वाट बघतंय."

ती बघत राहिली. छाती धडधडत होती, गळ्यापर्यंत. किती दिवसांनी. मग बघता बघता राग ओसरायला लागला तसा आकडा उतरायला लागला. ऐंशी. त्र्याहत्तर. तिने मुद्दाम पुन्हा चिडायचा प्रयत्न केला. मॅनेजर आठवला, तिकिटाची खिडकी आठवली, बसथांब्यावरची ती मावशी म्हणणारी बाई. जमेना. सदुसष्ट. "पन्नासवर ठेवते," डॉक्टरीण म्हणाली, "त्याखाली एक पाऊलही नाही. आणि पुढच्या महिन्यापासून पाण्यात उतरायला हरकत नाही." ती मान डोलावणार एवढ्यात दार ढकलून बहिणीने डोकं आत घातलं. हातात बिस्किटाचा पुडा होता, उघडलेला.

"ताई, अजून किती वेळ? बसून बसून माझे पाय भरून आले गं."

पडद्यावरचा आकडा टणकन एकदम नव्वदच्या वर गेला. खाली एकही खूण नव्हती.